आजच्या दिवसापुरते बळ



या पाक्षिकातून आपण रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, निद्रानाश यांविषयी नेहमीच वाचत असता. आज ज्या विषयावर लिहायला बसले आहे, तो मोजण्याचे कोणतेही उपकरण माझ्या दवाखान्यात नाही. तरीही अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात मला ज्याची उणीव औषधांच्या उणिवेइतकीच वारंवार जाणवली, ते हेच. ज्येष्ठांची शुश्रूषा करणाऱ्या घराला गोळ्या, पथ्य आणि पैसा यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते. थकून गेलेल्या क्षणीही चांगलेच करण्याचे आणि वाइटाला नकार देण्याचे बळ.

ख्रिस्ती परंपरेत हे बळ प्रार्थनेतून मागितले जाते. मी ख्रिस्ती घरात वाढले आणि सून म्हणूनही ख्रिस्ती घरातच आले. म्हणून जी परंपरा मला आतून ठाऊक आहे, तिच्याविषयीच बोलते. आपली श्रद्धा वेगळी असेल तर आपण आपल्या देवघरासमोर, आपल्या जपमाळेजवळ बसून हे वाचावे. ज्या प्रसंगी हे बळ लागते, ते प्रसंग सगळ्या घरांत सारखेच असतात.

वाईट कोठे राहते?

‘वाईट’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर खून, दरोडे, युद्धे येतात. माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरला दिसणारे वाईट मात्र आकाराने लहान असते आणि बंद दाराआड राहते. रात्री तीनदा चादर बदलल्यानंतर चौथ्या वेळी म्हाताऱ्या दंडावर पडलेली गरजेहून घट्ट पकड. लघवीला उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर वडिलांना पाणीच न देणे. आजी समोर बसलेली असताना ती तेथे नाहीच अशा रीतीने तिच्याविषयी बोलणे. निवृत्तिवेतन जमा झाले की पासबुक काढून घेणे. दुसऱ्या बाजूचीही उदाहरणे आहेत. दिवसभर खपणाऱ्या सुनेची निंदा प्रत्येक पाहुण्याजवळ करणे, किंवा लांबच्या मुलाचे गोडवे गाऊन जवळच्या मुलाला रोज टोचत राहणे, यांनाही चांगले म्हणता येणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठ वर्षांवरील सुमारे ६ जणांपैकी १ जणाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या दुर्वर्तनाला सामोरे जावे लागते. मी पाहिलेल्यांपैकी असे वागणारी बहुतेक माणसे दुष्ट नव्हती. ती थकलेली होती, एकटी पडलेली होती, कित्येक महिने सलग झोपलेली नव्हती. त्यांना ‘नीट वागा’ असे सांगून काही साधत नसे, कारण नीट कसे वागावे हे त्यांना पक्के ठाऊक होते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौलाने हीच व्यथा स्वतःविषयी मांडली आहे. जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही आणि जे नको असते तेच घडून जाते, असे तो म्हणतो. ज्ञानाची कमतरता नाही, बळाची आहे, असे हे निदान आहे. आणि निदान एकदा नेमके झाले म्हणजे काय मागावे हेही कळते.

मागायचे ते काय?

येशूने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत आली आहे. ती अगदी लहान आहे; सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते. तिच्या उत्तरार्धातील मागण्यांचा क्रम मला नेहमी विचार करण्यासारखा वाटतो. प्रथम भाकर मागितली आहे, आणि तीही आजच्या दिवसापुरती. मग क्षमा मागितली आहे, आणि ती इतरांना दिलेल्या क्षमेशी बांधलेली आहे. त्यानंतर कसोटीच्या प्रसंगापासून आणि वाइटापासून राखण्याची विनंती येते.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या क्रमात मोठा शहाणपणा आहे. ज्याच्या पोटात अन्न नाही आणि ज्याच्या मनात कालचा राग शिल्लक आहे, तो मोहाला किंवा संतापाला तोंड देऊ शकत नाही. म्हणून आधी आजची गरज भागवायची, मग कालचे ओझे उतरवायचे आणि नंतर पुढच्या क्षणासाठी बळ मागायचे. शिवाय ही सारी प्रार्थना ‘आम्ही’ म्हणून केलेली आहे. तिच्यात ‘मी’ कोठेच नाही. अंथरुणावरचा आणि अंथरुणाशेजारचा असे दोघेही तिच्यात एकत्र येतात. बळ दोघांनाही हवे असते.

दुसरा प्रसंग गेथशेमाने बागेतला. वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशू तेथे प्रार्थना करतो. समोर असलेले दुःख टळावे अशी विनंती तो प्रथम करतो आणि मग पित्याची इच्छा स्वीकारतो. लूकच्या वर्णनात दुःखाचा तो प्याला काही दूर होत नाही. मात्र एक देवदूत येऊन त्याला बळ देतो. पौलाच्या एका पत्रात लूकचा उल्लेख वैद्य म्हणून आला आहे. त्यामुळेच की काय, हा तपशील मला फार जवळचा वाटतो. दुखणे कायम राहिले आणि सोसणाऱ्याला शक्ती मिळाली, हा अनुभव आम्हा वैद्यकीय माणसांच्या रोजच्या परिचयाचा आहे. त्याच रात्री शिष्य मात्र दमून झोपी गेले होते. त्यांना उठवताना येशूने मनाची तयारी आणि देहाची दुर्बलता यांतील फरक बोलून दाखवला. त्यांच्या थकव्याला त्याने पाप म्हटले नाही. त्या थकव्यात जो धोका आहे, त्याबद्दल सावध केले.

तिसरे उदाहरण पौलाचेच. आपल्या देहातील एका ‘काट्या’विषयी त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगितले आहे. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. कृपा पुरेशी आहे आणि अशक्तपणातच सामर्थ्य पूर्णत्वास येते, असे उत्तर त्याला मिळाले. संधिवाताने वाकलेल्या, अर्धांगाने एका बाजूस खिळलेल्या माझ्या कित्येक ज्येष्ठ रुग्णांना हा उतारा तोंडपाठ असतो. त्याचे कारण आता मला समजते.

सासूबाईंची खोली

माझ्या सासूबाईंना शेवटची सहा वर्षे स्मृतिभ्रंश होता. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. पाढे, कविता, विद्यार्थ्यांची नावे सारे मुखोद्गत असणारी ती बाई हळूहळू मुलाचे नाव विसरली, नंतर स्वतःचे घर विसरली. संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल सुरू होई. पिशवी भरून दाराशी उभ्या राहत आणि ‘मला माझ्या घरी जाऊ द्या’ म्हणत. आंघोळीच्या वेळी सांभाळणाऱ्या मावशींना त्या कधी ओरबाडीत, कधी चावत.

आमच्या घरी रात्रीच्या जेवणापूर्वी उपासना होत असे. एक लहान शास्त्रपाठ, एक गीत आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. आजार बळावल्यावरही आम्ही त्यांना खुर्चीत बसवून तेथे आणीत असू. शास्त्रपाठ चाललेला असताना त्या पदराशी चाळा करीत. प्रार्थना सुरू झाली की मात्र त्यांचे ओठ हलू लागत आणि पहिल्या शब्दापासून ‘आमेन’पर्यंत एकही शब्द चुकत नसे. यात चमत्कार काही नाही. लहानपणापासून हजारो वेळा घोकलेला मजकूर स्मृतिभ्रंशातही दीर्घकाळ टिकतो, हे आम्हाला ठाऊक असते. तरीही जिला स्वतःचे नाव आठवत नाही, ती वाइटापासून राखण्याची विनंती आपल्याबरोबर करीत आहे, हे ऐकताना मला प्रत्येक वेळी वाटे की या घरात बळाची गरज असलेली मी एकटी नाही. त्यानंतरच्या रात्री काही सोप्या झाल्या असे म्हणणार नाही. त्या तीनदा उठत, आम्हीही तीनदा उठत असू. पण अंधारात खोलीचे दार उघडताना माझ्या तोंडी ती शेवटची विनंती आपोआप येई आणि हात थोडा हळू पडे.

एका कागदाची गोष्ट

वाइटाला नकार देण्याचा प्रसंग शुश्रूषा करणाऱ्यांवर येतो तसा डॉक्टरवरही येतो. मी वीस वर्षे ज्यांच्या घरचे औषधपाणी पाहत होते, त्या एका कुटुंबातील गृहस्थ एका दुपारी दवाखान्यात आले. वडिलांच्या बक्षीसपत्राचा मसुदा सोबत होता. ‘वडील मानसिकदृष्ट्या सक्षम आहेत’ असे प्रमाणपत्र मी द्यायचे होते. पंधराच दिवसांपूर्वी मी त्या वडिलांना तपासले होते. त्यांना चालू वर्ष सांगता आले नव्हते आणि आपल्याला मुले किती, याही प्रश्नावर ते गोंधळले होते. त्या कागदाने दोन मुलींचा वाटा जाणार होता.

गृहस्थ वाईट नव्हते. वडिलांचे सारे त्यांनीच केले होते आणि बहिणी वर्षातून एकदा येत, हेही खरे होते. ‘डॉक्टर, तुम्ही घरच्याच ना?’ असे ते म्हणाले. या एका वाक्यात जेवढा मोह असतो, तेवढा पैशाच्या पाकिटातही नसतो. मी त्यांना बसायला सांगितले, हात धुण्याच्या निमित्ताने आत गेले आणि नळ चालू ठेवून मनातल्या मनात एवढेच मागितले की खरे बोलता यावे आणि ते बोलताना यांचा अपमान होऊ नये. बाहेर येऊन नकार दिला. मानसोपचारतज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करून घेण्याचा आणि बहिणींशी बोलण्याचा सल्ला दिला. त्यानंतर ते कुटुंब माझ्याकडे आले नाही. बाजारात भेट झाली तरी ते मान वळवतात.

हे मी एवढ्यासाठीच सांगितले की, बळ मागितले म्हणजे शेवट गोड होतोच असे नाही. मागितले होते ते नकाराचे बळ, आणि तेवढे मिळाले. नाते वाचले नाही, आणि त्याची खंत आजही आहे.

वैद्यकशास्त्राची साक्ष

प्रार्थनेने रोग बरे होतात का, असे मला अनेकदा विचारले जाते. अमेरिकेतील सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. काही रुग्णांसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात तर गुंतागुंत थोडी अधिक आढळली. याचा अर्थ इतकाच की प्रार्थना हे शस्त्रक्रियेचे किंवा औषधाचे परिमाण नव्हे आणि तिला त्या तराजूत घालू नये.

स्वतः प्रार्थना म्हणणाऱ्याच्या देहात काय घडते, हा प्रश्न वेगळा आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये इटलीतील संशोधकांचा एक छोटा अभ्यास आला. त्यात २३ निरोगी व्यक्तींनी लॅटिन भाषेतील रोझरीची प्रार्थना आणि एक योगमंत्र यांचे पठण केले. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे ६ इतका संथ झाला आणि रक्तदाबाचे नियमन करणारी प्रतिक्षेपक्रिया अधिक चांगली चालू लागली. माळ कोणत्या धर्माची आहे, हे देहाला कळले नाही! संतापाच्या क्षणी संथ श्वासाचे हे अर्धे मिनिट किती मोलाचे असते, हे शुश्रूषा करणाऱ्याला वेगळे सांगायला नको. श्रद्धावंत मनुष्य त्या अर्ध्या मिनिटात श्वासापलीकडचेही काही मागतो. तो भाग प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा आहे आणि मीही तो तेथेच ठेवते.

रात्रीची पाच मिनिटे

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश संताने दिवसाअखेरीच्या आत्मपरीक्षणाची एक साधी रीत घालून दिली. त्याने स्थापन केलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू आजही ती पाळतात. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स हे त्याच संघाचे. या रीतीचे पाच टप्पे शुश्रूषा करणाऱ्यांच्या दिवसाला सहज जुळवता येतात.

पहिला टप्पा कृतज्ञतेचा. आज काय चांगले घडले? वडिलांनी पोटभर जेवण केले, एवढेही पुरे. दुसरा, दिवसाकडे स्वच्छ नजरेने पाहता यावे म्हणून प्रकाश मागण्याचा. तिसरा, सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवण्याचा. आवाज कोठे चढला, कोणत्या वेळी चढला? चौथा, जे चुकले त्याबद्दल क्षमा मागण्याचा, आणि शक्य असल्यास ज्याच्यावर ओरडलो त्याचा हात हाती घेऊन मागण्याचा. पाचवा, उद्याच्या एकाच प्रसंगासाठी बळ मागण्याचा. सर्व प्रसंगांसाठी नव्हे. उद्या सकाळच्या आंघोळीपुरते पुरे.

तिसऱ्या टप्प्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे मी डॉक्टर म्हणूनही सांगेन. आठ-दहा दिवस असे पाहिले की आवाज ठराविक वेळीच चढतो, हे लक्षात येते. ती बहुधा स्वतः न जेवता रुग्णाला भरवण्याची किंवा झोपमोडीनंतरची पहाटेची वेळ असते. मग उपायही सापडतो. आधी स्वतः जेवावे, पहाटेची पाळी भावाने घ्यावी. ‘आम्ही’ म्हणून केलेली प्रार्थना आपल्याला माणसांकडेही मदत मागायला शिकवते. देवापुढे हात पसरणाऱ्याने धाकट्या भावाला फोन करण्यात कमीपणा कसला मानायचा?

काही गोष्टी सांभाळाव्यात

वाइटापासून रक्षण मागताना त्या वाइटाचे खापर रुग्णावर फोडू नये. शिवीगाळ करणाऱ्या, भिंतीवर माणसे दिसतात म्हणणाऱ्या आजोबांना बाधा झाली आहे, असे समजून त्यांच्यावर भलतेच उपाय करणारी घरे मी सर्व धर्मांत पाहिली आहेत. वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, तर मूत्रमार्गाचा किंवा छातीचा संसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेले औषध, डोक्याला लागलेला मार यांपैकी काही असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्रार्थना वाटेत करता येते.

प्रार्थना करूनही सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर श्रद्धा कमी पडली असे मानू नये. नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. ज्या ज्येष्ठांना घरातच त्रास दिला जात असेल, त्यांनी तो सोसत राहणे म्हणजे क्षमा, असे समजू नये. क्षमा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी त्यासाठीच आहे.

ज्येष्ठांशी दोन शब्द

आजी-आजोबांनो, ‘आता आमच्या हातून काय व्हायचे?’ असे आपण मला नेहमी विचारता. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातील निराधार मुली-स्त्रियांसाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी केली, हे आपणांस ठाऊक आहे. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतर त्या स्वतः जेमतेम वर्षभरच जगल्या. तशाही अवस्थेत बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. सगळ्यांच्याच हातून एवढे मोठे काम होणार नाही. पण अंथरुणावरूनही चांगले करता येते. जी सून आपले अंग पुसते, तिला ‘बाळ, तू जेवलीस का?’ असे विचारणे हे चांगले आहे. नातवासमोर त्याच्या बापाची तक्रार न करणे हा वाइटाला दिलेला नकार आहे. त्यासाठीही बळ लागते, आणि तेही मागावे.

आपल्या घरी कोणी आजारी असेल, तर आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती पाच मिनिटे काढून पाहा. शक्य असेल तर रुग्णाच्या उशाशी बसून, त्याला ऐकू येईल अशा आवाजात प्रार्थना म्हणा. पुढचे शब्द कदाचित तोच पुरे करील.